अर्धी आठवण आपल्यापाशी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२
पूरक वाचन : २ शमुवेल १:१७-२७, लूक २४:१३-३५, योहान ११:१७-३६
मुख्य विचार : गेलेल्या माणसाची संपूर्ण आठवण कोणा एकापाशी नसते. ती अनेकांकडे थोडी थोडी असते. ती एकत्र आणणे हे मंडळीचे सांत्वनाचे काम आहे.

आपल्या मंडळीतील कोणी प्रभूमध्ये निजले म्हणजे पहिले चार दिवस त्या घराला उसंत नसते. दफनविधी, येणारीजाणारी माणसे, परगावचे नातेवाईक, शेजारणींनी आणून ठेवलेले जेवणाचे डबे. दुःख करावयालाही वेळ मिळत नाही. पाचव्या दिवसापासून माणसे पांगतात. महिन्याभराने त्या घरी आपण गेलो तर बोलणे होते ते पावसापाण्याचे, मुलांच्या परीक्षांचे. गेलेल्या माणसाचे नाव कोणी काढीत नाही. का म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते : "उगाच त्यांना आठवण कशाला करून द्या?"

जणू काही ते विसरलेच होते!

हेतू चांगला असतो ह्यात शंका नाही. पण जिचा नवरा गेला, तिचा हात सकाळी सवयीने दोन कपांकडे जातो आणि एक कप तिला परत फळीवर ठेवावा लागतो. तिला आठवण करून देण्याची काही गरज नाही. तिला हवे असते ते इतकेच, की ही आठवण दुसऱ्या कोणालाही आहे हे समजावे. आपल्या गप्प राहण्याने तिला वाटू लागते की माणूस तर गेलाच, आता त्याचे नावही घरातून गेले. आजकाल तर आपण मोबाईलवर हात जोडल्याचे चित्र पाठवितो आणि सांत्वन झाले असे समजतो.

म्हणून ह्या महिन्यात आपण एका साध्या गोष्टीचा अभ्यास करू : आप्तमित्रांनी एकत्र बसून गेलेल्या माणसाच्या आठवणी सांगणे.

१. नई सडकेवरील एक संध्याकाळ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात नई सडक आहे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी १८१० च्या सुमारास येथे पडली आणि वस्तीला लष्कर हेच नाव राहिले. फौजेबरोबर आणि तिच्यामागून मराठी कुटुंबे आली ती इकडचीच झाली. काही वर्षांपूर्वी ह्या रस्त्यावरील एका माडीवरच्या बिऱ्हाडात आम्ही स्मरणसभेला गेलो होतो. गेलेल्या बाई शब्बाथशाळेच्या शिक्षिका होत्या. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी मुलांना शिकविले. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. वाचकांनी आपल्या मंडळीतील अशाच एखाद्या बाईंचे नाव मनात घ्यावे.

गीत झाले, वाचन झाले, प्रार्थना झाली. मग तिघांनी भाषणे केली. बाई प्रेमळ होत्या, श्रद्धावान होत्या, शिस्तीच्या होत्या, असे तिघांनीही सांगितले. सर्व खरे होते. पण ते कोणाही चांगल्या माणसाविषयी सांगता आले असते. बाईंची मुलगी मान खाली घालून ऐकत होती. सभा आटोपत आली तेव्हा पाळकांनी विचारले, "आणखी कोणाला काही सांगायचे आहे का?" दाराशी उभे असलेले एक चाळिशीचे गृहस्थ चाचरत पुढे आले.

"ताई, मी काही स्तुती करायला उभा नाही," ते म्हणाले. "बाईंनी मला एकदा साऱ्या वर्गासमोर रागावून बाहेर उभे केले होते. मी दर रविवारी उशिरा येई म्हणून. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. वडील आजारी होते, मी सकाळी पेपर टाकीत असे. हे कोणाला सांगायची मला लाज वाटे. त्या दिवशी मनाशी ठरवले, आता ह्या वर्गाला जायचे नाही. पुढच्या रविवारी आईने ढकलूनच पाठवले. जाऊन पाहतो तर वर्ग सुरूच झाला नव्हता. आठाची वेळ नऊ झाली होती. मला वाटले, देवाने माझी लाज राखली. नंतर सहा वर्षे मी वर्गाला गेलो. थंडीत बाई पिशवीतून गजक आणीत आणि वाटताना मला एक तुकडा जास्त देत. तो का देत, ते मला कधी कळले नाही. एवढेच."

मुलीने मान वर केली. "तो मुलगा तुम्ही होय!" ती म्हणाली. मग तिने सांगितले ते असे : "एके पहाटे आई मामांना गाडीवर बसवून द्यायला स्टेशनवर गेली होती. तिथे पेपरचे गठ्ठे उतरत होते आणि एक लहान मुलगा आपला गठ्ठा सायकलीला बांधत होता. आई घरी आली ती रडतच. 'मी एका लेकराला काही न विचारता शिक्षा केली,' एवढेच बोलली. त्याच दिवशी पाळकसाहेबांकडे जाऊन तिने वर्गाची वेळ बदलून घेतली. त्यांनी कारण विचारले तेव्हा म्हणाली, गुडघे दुखतात, सकाळी लवकर चालवत नाही. ते लेकरू कोण, असे आम्ही कितीदा तरी विचारले. ती म्हणे, त्याने आपल्याला सांगितले नाही, मग मी कशी सांगू?"

खोलीत कोणी काही बोलेना. ते गृहस्थ खाली बसले आणि त्यांनी रुमालाने तोंड झाकले. थोड्या वेळाने खालच्या दुकानदारांनी हिंदीत एक आठवण सांगितली, मग समोरच्या घरातील आजींनी सांगितली. कोणी हसविले, कोणी रडविले. घड्याळाकडे कोणाचे लक्ष राहिले नाही.

त्या संध्याकाळी आम्हांला एक गोष्ट उमगली. तीस वर्षे एक आठवण दोन तुकड्यांत पडून होती. एक तुकडा त्या मुलापाशी होता, दुसरा मुलीपाशी. मुलापाशी अपमान होता आणि एक जास्तीचा गजकाचा तुकडा होता. मुलीपाशी आईचे रडणे होते, पण ते कोणासाठी हे ठाऊक नव्हते. दोघे एकाच गावात राहत होते. त्या सभेत ते गृहस्थ दाराशीच उभे राहून परत गेले असते तर दोन्ही तुकडे तसेच राहिले असते.

मरणाचे सर्वांत मोठे दुःख हे, की त्या माणसाकडून आता नवे काही मिळावयाचे नाही. नवा शब्द नाही, नवी भेट नाही. पण त्या मुलीला त्या दिवशी आपल्या आईचे काहीतरी नवे मिळाले, आणि ते दुसऱ्याच्या हातून मिळाले. आठवणी एकत्र बसून सांगावयाच्या त्या ह्यासाठी.

२. यापो येथील माडी

आता शास्त्रपाठाकडे वळू. यापो येथे टबीथा नावाची एक शिष्या होती. टबीथा हे अरामी नाव. ग्रीक बोलणारे तिला दुर्कस म्हणत. दोन्ही नावांचा अर्थ हरिणी असाच आहे. एकाच बाईला दोन प्रकारचे शेजारी दोन नावांनी ओळखत होते. आमच्या ग्वाल्हेरातही एकच शिक्षिका मराठी घरांत बाई असते आणि शेजारच्या हिंदी घरांत बहनजी.

ती आजारी पडून मरण पावली. तिला स्नान घालून माडीवर ठेवले. पेत्र जवळच लोद येथे होता. दोन माणसे पाठवून त्याला बोलावून आणले. तो माडीवर गेला तेव्हा तेथे काय चालले होते? लूकाने ते एका वचनात सांगितले आहे (वचन ३९). साऱ्या विधवा रडत त्याच्यापाशी उभ्या राहिल्या आणि दुर्कस त्यांच्याबरोबर असताना तिने जे अंगरखे व जी वस्त्रे केली होती ती त्याला दाखवू लागल्या.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या.

पहिली, त्या रडत होत्या आणि सांगतही होत्या. रडणे थांबल्यावर मग आठवणी सांगू, असे त्यांनी केले नाही. आपल्याकडे घरातील माणूस रडू लागले की आपण विषय बदलतो. त्या माडीवर कोणी विषय बदलला नाही, आणि पेत्रानेही त्यांना गप्प केले नाही. पुढे त्याने सर्वांना बाहेर पाठविले ते प्रार्थनेसाठी. पण आधी त्यांनी दाखविले ते त्याने पाहिले.

दुसरी, त्यांनी गुणांची यादी दिली नाही. दुर्कस सत्कृत्ये व दानधर्म करीत असे, हे लूकाने आपल्या शब्दांत सांगितले आहे. विधवांनी मात्र शिवण दाखविली. काही भाष्यकारांचे म्हणणे असे, की मूळ शब्दाचा कल पाहता त्या वस्त्रे आपल्या अंगावरचीच दाखवीत असाव्या. तसे असेल तर चित्र आणखी जिवंत होते. प्रत्येकीच्या अंगावर दुर्कसेच्या हातचे काहीतरी होते. 'ती उदार होती' असे सांगण्याचे कारणच उरले नाही.

तिसरी, एकही विधवा सगळी वस्त्रे दाखवू शकली नसती. प्रत्येकीपाशी आपापले होते. सगळ्या जमल्या तेव्हाच दुर्कसेने किती शिवले ते दिसले, आणि कदाचित त्यांनाही ते त्याच दिवशी प्रथम कळले असेल.

येथे कोणी विचारील : दुर्कस तर उठली, आमचे माणूस कोठे उठले? हा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. आम्हीही आपल्या माणसांना मूठमाती दिली आहे. एवढेच म्हणतो, की दुर्कसेलाही पुढे केव्हातरी पुन्हा मरण आले असणार. त्या दिवशी तिला जीवन परत मिळाले हे देवाचे काम होते, ते आपल्या हाती नाही. वस्त्रे घेऊन माडीवर जाणे हे विधवांचे काम होते. ते आपल्या हाती आहे.

३. टिळकांच्या घरी

आठवणी सांगण्याचे काम एका घराने कसे केले, ह्याचे आपल्या मराठी मंडळीतील उत्तम उदाहरण म्हणजे टिळकांचे घर. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. त्यांची पदे आपण आजही उपासनेत गातो, म्हणून कवी टिळक आपणांस ठाऊक आहेत. पण माणूस टिळक आपणांस जेवढे ठाऊक आहेत ते लक्ष्मीबाईंमुळे.

त्यांचे चिरंजीव देवदत्त ह्यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून काढण्यास सांगितले. लक्ष्मीबाई काही शाळेत शिकलेल्या नव्हत्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात वाढलेली, लहानपणीच लग्न झालेली ही बाई. ती आपल्या बोलण्याच्या भाषेत लिहीत गेली. त्यातून 'स्मृतिचित्रे' उभी राहिली आणि १९३४ ते १९३६ ह्या काळात ती चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी वारल्या. राहिलेला भाग मुलाने पुरा केला. पुढे नातू अशोक टिळक ह्यांनीही ह्या ग्रंथाच्या संपादनासाठी श्रम घेतले. अशा तीन पिढ्यांनी ही आठवण हातोहात पुढे दिली.

ह्या ग्रंथात टिळक कसे दिसतात? रागीट. विसराळू. हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन रिकामे होणारे. न सांगता घरातून निघून जाणारे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. त्या दिवसांचे हाल लक्ष्मीबाईंनी लपविले नाहीत. पण हे सारे सांगताना त्या हसतात, आणि वाचकालाही हसवितात. वाचून झाल्यावर आपला टिळकांविषयीचा आदर कमी होतो का? उलट, आपण त्या घरी चार दिवस राहून आलो असे वाटते. नुसते गुणगान केले असते तर टिळकांचा एक पुतळा झाला असता. लक्ष्मीबाईंनी खरे सांगितले म्हणून एक माणूस आपल्याला मिळाला.

आणखी एक गोष्ट. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले, देवदत्तांनी शेवटास लावले आणि १९३८ साली ते छापून निघाले. त्या घरात आठवण नुसती सांगून संपली नाही. गेलेल्याच्या हातातून सुटलेले काम कोणीतरी उचलले.

४. खरे सांगावे, प्रेमाने सांगावे

"मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये," असे आपल्याकडे म्हणतात. त्यात शहाणपण आहे. मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही; त्याचा हिशेब चुकता करण्यासाठी स्मरणसभा नसते. दावीदाचेच पाहा. शौलाने त्याला रानोमाळ पळविले होते. तरी शौल पडल्यावर दावीदाने जो शोक केला त्यात सुडाचा एक शब्द नाही. योनाथानाविषयीचे प्रेम त्याने उघड बोलून दाखविले, आणि शौलालाही त्याचा मान दिला.

पण वाईट न बोलणे वेगळे आणि खोटे बोलणे वेगळे. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले, ही गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. पेत्र मंडळीचा पुढारी झाला म्हणून ती कोणी गाळली नाही. गाळली असती तर प्रभूने त्याला पुन्हा कसे जवळ घेतले तेही सांगता आले नसते. नई सडकेवरील त्या बाईंचेही तसेच. त्या रागावल्या हे गाळले असते, तर त्यांनी वेळ का बदलली हे कोणास कळले असते?

मात्र सर्वच आठवणी गोड नसतात, हेही मान्य करू. दारू पिऊन घर नासविणारा बाप, वर्षानुवर्षे न बोललेला भाऊ, ह्यांच्या मागे राहिलेल्यांना "चांगले काहीतरी सांगा" म्हणून आग्रह करणे क्रूरपणाचे आहे. अशांना सभेत बोलण्याची सक्ती करू नये. त्यांच्यापाशी एखाद्याने निवांत बसावे आणि ते सांगतील तेवढे ऐकावे. अर्धवट भांडण मागे ठेवून कोणी गेले असेल तर त्या दुःखाला दोन धारा असतात, हे मंडळीने समजून घ्यावे.

५. एक शंका

काही वडीलधारी माणसे विचारतात : हे सारे श्राद्धासारखे होणार नाही ना? ही शंका रास्त आहे. आपण मृतांसाठी पिंड ठेवीत नाही, त्यांची प्रार्थना करीत नाही, आणि आपल्या विधींनी त्यांची गती सुधारते असे मानीत नाही. ते प्रभूच्या हाती आहेत. स्मरणसभा आहे ती मागे राहिलेल्यांसाठी. आणि स्मरण करणे हे शास्त्राला परके नाही. ज्यांनी आपल्याला देवाचे वचन सांगितले त्यांची आठवण ठेवावी असे इब्री लोकांस पत्राचा लेखक सांगतो (१३:७). बेथानीत ज्या स्त्रीने सुगंधी तेल ओतले, तिच्या कृत्याची आठवण जगभर सांगितली जाईल असे स्वतः प्रभूने म्हटले (मार्क १४:९).

अम्माऊसच्या वाटेवरील दोघांचेही पाहावे. ज्याला मेलेला समजत होते त्याच्याविषयी ते चालता चालता बोलत होते. प्रभू त्यांच्याजवळ आला आणि त्याने विचारले, कोणत्या गोष्टी? त्याला काय ठाऊक नव्हते? तरी त्याने विचारले आणि त्यांना सर्व सांगू दिले. आपले बोलणे त्याने नंतर सुरू केले. सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम शिकावा : आधी विचारावे, मग ऐकावे, आणि बोलायचे ते शेवटी. ईयोबाचे मित्रही सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते, तोवर त्यांचे बरे चालले होते. कारणे समजावू लागले आणि चुकले.

६. अशी सभा कशी घ्यावी

मंडळीच्या अनुभवातून काही सूचना देतो. आपापल्या ठिकाणी जुळतील त्या घ्याव्या.

(१) दफनाच्या दिवशी घरच्यांना फारसे ऐकू येत नाही. आठवणींसाठी महिन्या-दोन महिन्यांनी एखादी संध्याकाळ ठरवावी. पांगलेली माणसे पुन्हा जमतात, आणि नेमकी तेव्हाच त्यांची गरज असते.

(२) सभा घरी घ्यावी. मंदिरात माणूस भाषण करतो, घरी गोष्ट सांगतो. घरच्यांची इच्छा आधी विचारावी. त्यांना नको असेल तर थांबावे.

(३) बोलणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे : 'त्या कशा होत्या' हे सांगू नका, 'एकदा काय झाले' ते सांगा. पाच मिनिटे पुरेत.

(४) हातात धरता येईल असे काही आणावे. विणलेला स्वेटर, खुणा केलेले पवित्र शास्त्र, पाककृतीचा चिठोरा, जुना फोटो, पत्र. ग्वाल्हेरला १९६१ साली मराठी साहित्य संमेलन भरले. कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्ष होत्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या वारल्या. पुढे त्यांचे पती कवी अनिल ह्यांनी दोघांची जुनी पत्रे 'कुसुमानिल' ह्या नावाने १९७२ साली प्रसिद्ध केली. सर्वांनीच पत्रे छापावी असे नव्हे. पण ट्रंकेतील पत्रांचा गठ्ठा रद्दीत देण्यापूर्वी घरातल्या चौघांनी तो एकदा वाचावा.

(५) गेलेल्या माणसाला जे आवडे ते करावे. आमच्या गावी तानसेनाच्या कबरीपाशी दरवर्षी गायक जमतात आणि गातात. गाणाऱ्याची आठवण गाऊनच ठेवायची, हे आमच्या गावाला पक्के ठाऊक आहे. आपणही त्यांच्या आवडीचे गीत गावे, त्या करीत असत तो पदार्थ करून वाटावा.

(६) शेजाऱ्यांना बोलवावे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. दूधवाला, शिंपी, कचेरीतील सोबती, ह्यांच्यापाशी घरच्यांना ठाऊक नसलेले पुष्कळ असते. त्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्यावे.

(७) कोणीतरी लिहून घ्यावे. मोबाईलवर आवाज घेता येतो, पण घरच्यांना विचारूनच. वहीत उतरलेली आठवण नातवंडांपर्यंत पोहोचते.

(८) शेवटी विचारावे : त्यांचे कोणते काम अपुरे राहिले? आजाऱ्यांना भेटणे, एखाद्या मुलाची फी, तुळशीच्या कुंडीला पाणी घालणे, काहीही असेल. ते कोण उचलील, हे उठण्यापूर्वी ठरवावे.

७. शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

आपल्या वर्गात आई किंवा बाप गेलेले मूल असेल तर हा पाठ मुख्यतः तुमच्यासाठी आहे. पितृदिनाला वर्गातील सर्व मुले वडिलांसाठी कार्ड करतात. ते मूल काय करते? बहुधा आपण त्याला दुसरे काहीतरी रंगवायला देतो. त्याऐवजी त्याला हळूच विचारावे : "तुला बाबांसाठी करायचे आहे का?" बहुतेक मुले हो म्हणतात. नाही म्हटले तरी चालेल. पण विचारले होते हे ते मूल विसरत नाही.

लहान मुलांशी बोलताना शब्द जपावे. 'प्रभूमध्ये निजले' हे आपण मोठी माणसे श्रद्धेने म्हणतो. चार वर्षांचे मूल ते ऐकते आणि रात्री झोपायला घाबरते. 'देवाला चांगली माणसे आवडतात म्हणून त्याने नेले' असे ऐकलेले मूल मनात म्हणते, मग मी चांगले होणार नाही. मरण पावले, शरीर थांबले, आता दुखत नाही, आणि ते प्रभूजवळ आहेत, असे सरळ सांगावे. मूल पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारील. पुन्हा पुन्हा तेच उत्तर द्यावे.

मुलापाशी आठवणी थोड्या असतात आणि त्या लवकर पुसट होतात. त्याचा उरलेला भाग तुमच्यापाशी आहे. "तुझे बाबा नाताळात तारा लावायला शिडीवर चढले आणि शिडी धरायला मी होतो," एवढे तुम्ही सांगितले की त्या मुलाला एक बाप अधिक मिळतो. हे दुसरे कोण सांगणार?

चर्चेसाठी प्रश्न

१. यापो येथील विधवांनी वस्त्रे दाखविली. आपल्या अंगावर, आपल्या घरात, आपल्या सवयीत गेलेल्या कोणाच्या हातचे काय आहे? प्रत्येकाने एक वस्तू किंवा एक सवय सांगावी.

२. "आठवण करून देऊ नये" असे म्हणून आपण कोणाच्या घरी नाव काढण्याचे टाळले आहे का? ते त्यांच्यासाठी टाळले की आपल्याला अवघड वाटत होते म्हणून?

३. दावीदाने शौलाचे दोष सांगितले नाहीत. शुभवर्तमानकारांनी पेत्राचा दोष सांगितला. स्मरणसभेत कोणता दोष सांगावा आणि कोणता सांगू नये? हे कशावरून ठरवाल?

४. गेल्या वर्षभरात आपल्या मंडळीतून कोण गेले? त्यांचे कोणते काम अजून पडून आहे?

ह्या आठवड्यासाठी एक काम

गेलेल्या एका माणसाची एक लहानशी, खरी आठवण निवडा. ती त्यांच्या घरच्या कोणाला तरी सांगून या. प्रत्यक्ष जाता येत नसेल तर पत्र लिहा किंवा फोन करा. नुसते चित्र पाठवू नका. आठवण फार मोठी असावी लागत नाही. आमच्या नई सडकेवरच्या त्या गृहस्थांपाशी एक शिक्षा आणि एक गजकाचा तुकडा होता. ते तेवढेच घेऊन तो जिना चढून आले होते, आणि बाईंची मुलगी त्याचीच वाट पाहत होती; फक्त तिला ते ठाऊक नव्हते.

आपली वाटही कोणीतरी पाहत असेल. उशीर झाला म्हणून दाराशी थांबू नये.